१९३०चा मार्शल लॉ: वाचनालयातून काय मागावं?

जुळे सोलापूर, इतिहास शिक्षिका: नववीला सोलापूरचा मार्शल लॉ, म्हणजे ब्रिटिशांनी लावलेला लष्करी अंमल, शिकवायचाय. पाठ्यपुस्तकाबाहेरचं काय वापरू?

ग्रंथपाल: मॅडम, ग्रंथपालांना विषय, वर्ष, इयत्ता लिहून द्या. मे १९३०ची वर्तमानपत्रं आणि जिल्हा गॅझेटिअर (जिल्ह्याच्या माहितीचा सरकारी ग्रंथ) मागा. मुलांच्या एका गटाला एकच पान पुरे. गठ्ठा दिला की मुलं नुसतं उतरवून काढतात.

संशोधक: शोधगंगेवर, म्हणजे भारतीय विद्यापीठांतल्या प्रबंधांच्या ऑनलाइन संग्रहावर, प्रबंध मोफत आहेत, प्रकरणवार पीडीएफमध्ये. इंग्रजीत ‘सोलापूर’ शोधताना ‘एस’नंतर ‘एच’ घालूनही (Sholapur) बघाच. ब्रिटिशकालीन स्पेलिंग तेच, नाहीतर जुन्या नोंदी सुटतात.

ग्रंथपाल: शिवाय जुन्या स्कॅनमध्ये शब्दशोध बऱ्याचदा चालत नाही, अनुक्रमणिका चाळा. सरकारी अहवाल आणि बातमी शेजारीशेजारी ठेवा. ‘जमाव’ कुठे, ‘सत्याग्रही’ कुठे, हे मुलांनाच अधोरेखित करू द्या.