रोटरी हॅमर: काँक्रीट, एएसी ब्लॉक आणि टाइल यांसाठी एकच यंत्र पुरेल का?

नवे_घर: नमस्कार. घराच्या बाहेरच्या भिंती काँक्रीटच्या आणि आतल्या एएसी ब्लॉकच्या (हवेच्या बारीक पोकळ्या असलेल्या हलक्या काँक्रीटच्या विटांच्या) आहेत, तर स्वयंपाकघरात व न्हाणीघरात टाइल आहेत. कपाटे, पडद्यांच्या दांड्या आणि आरसे बसवायचे असून छिद्रे फार तर तीसेक होतील. सध्याचे इम्पॅक्ट ड्रिल काँक्रीटवर नुसतेच किंचाळते. दोन किलोच्या आसपासचे, स्वस्त श्रेणीतले आणि वायरवर चालणारे एसडीएस प्लस यंत्र, म्हणजे बिट खटक्याने अडकवण्याच्या लहान पद्धतीचा रोटरी हॅमर, सुचवावे. कोणत्या भिंतीवर ते कसे वापरावे, हेही सांगावे. खर्चाची मर्यादा ओलांडणे शक्य नाही.

भिंतभेदी: स्वस्त श्रेणीचा विचारच सोडा. माझ्याकडे त्याचाच मोठा प्रकार, एसडीएस मॅक्स, आहे आणि त्याने मी अख्ख्या न्हाणीघराची फरशी उखडली आहे. एकदाच काय ते मोठे घ्यावे.

सुतारपक्षी: प्रश्नकर्त्यांना आरसा टांगायचा आहे, भिंत पाडायची नाही. मॅक्सचा शँक (बिटाचा यंत्रात बसणारा दांडा) 18 मिमीचा असतो आणि त्यासाठी साधारण 12 मिमीपासून पुढचेच बिट मिळतात, त्यामुळे 6 किंवा 8 मिमीच्या प्लगसाठी (स्क्रू धरून ठेवायला छिद्रात बसवायच्या नळीसाठी) ते यंत्र निरुपयोगी आहे. प्लसचा शँक 10 मिमीचा असतो आणि दोन-अडीच जुलांचा ठोका घरकामाला भरपूर होतो. इम्पॅक्ट ड्रिलमध्ये दोन दातेरी चकत्या एकमेकींवर घासून बारीक ठोके देतात, म्हणून ते दाबावे लागते; रोटरी हॅमरमध्ये मात्र दट्ट्या हवेच्या उशीमार्फत ठोका देतो, त्यामुळे अंगाचा भार टाकून काहीच साधत नाही. बिट भिंतीला टेकलेले राहील एवढाच दाब द्यावा आणि छिद्रातला भुगा बाहेर पडावा म्हणून ते अधूनमधून मागे ओढावे.

विनावायर: बॅटरीवरचेच घ्या. मी घेतल्यापासून वायर ओढत फिरण्याचा जाच संपला.

सळईबाज: बॅटरी की वायर यापेक्षा सेफ्टी क्लच, म्हणजे बिट अडकले की फिरवण्याचा जोर तोडणारी सोय, आहे की नाही, ते पाहा. माझे बिट तुळईतल्या सळईत अडकले तेव्हा यंत्रच गर्रकन फिरले आणि मनगट महिनाभर दुखत होते. तेव्हापासून बाजूची मूठ लावल्याशिवाय मी यंत्र सुरू करत नाही आणि चालू स्थितीत अडकवून ठेवणारे बटण कधीच वापरत नाही. ठोका अचानक कडक वाटला आणि बिट पुढे सरेना, तर सळई लागली असे समजून थांबावे आणि छिद्र बाजूला घ्यावे. तुळईची किंवा खांबाची सळई कापण्याचा हट्ट करू नये.

सुतारपक्षी: सळईबाज यांच्याशी सहमत. एएसी ब्लॉकमध्ये मात्र ठोका पूर्ण बंद ठेवून केवळ फिरत्या बिटाने छिद्र पाडावे; ठोक्याने छिद्र मोठे होते, कडा ढासळतात आणि प्लग नुसताच फिरत राहतो. प्लगही त्या ब्लॉकसाठी बनवलेला, लांब घ्यावा. पोकळ विटांनाही हाच नियम लावावा, कारण आतले पातळ पडदे फुटले की प्लगला धरायला काही उरत नाही.

विनावायर: टाइलवरही ठोका बंद, हे मीही सांगतो. बॅटरीचा मुद्दा मात्र कोणी मनावर घेत नाही.

चौकोनी_टाइल: टाइलपुरता तो मुद्दा घ्यायलाच हवा, कारण डायमंड बिट पाण्याने थंड ठेवावे लागते आणि ओल्या हाताने वायरचे यंत्र धरणे धोक्याचे आहे. साध्या ग्लेझच्या टाइलला भाल्याच्या टोकाचे कारबाइड बिट चालते, पण व्हिट्रिफाइड टाइलला डायमंडच लागते. बिट घसरू नये म्हणून चिकटपट्टी लावून कमी वेगाने सुरुवात करावी. टाइलच्या मागे काँक्रीट असेल, तर टाइलमधले छिद्र किंचित मोठे ठेवावे आणि ती पूर्ण पार झाल्यावरच ठोका सुरू करावा. प्लगही टाइलच्या मागे जाईपर्यंत आत ढकलावा, नाहीतर स्क्रू आवळताना तो फुगतो आणि टाइल तडकते.

भिंतभेदी: एवढ्या सोपस्कारांपेक्षा अर्धे काम ठोक्यानेच उरकते. माझी एकही टाइल तडकली नाही.

चौकोनी_टाइल: आपण टाइल उखडत होतात.

वायरमन_काका: सगळे बिटावर अडकले आहेत आणि भिंतीतल्या वायरींबद्दल कोणी बोलत नाही. स्विच आणि सॉकेटच्या सरळ वर, खाली व आडव्या रेषेत छिद्र पाडू नका. डिटेक्टर फिरवा, तरीही शक्य असेल तेव्हा त्या भागाचा पुरवठा बंद करून यंत्र दुसऱ्या सर्किटवरून चालवा. सैल बाह्यांचा सदरा घालू नका. चष्मा व कानांचे प्लग वापरा, आणि काँक्रीटच्या धुळीत बारीक सिलिका असते म्हणून साधा कापडी रुमाल न बांधता एन 95 मास्क लावा. ती धूळ वर्षानुवर्षे फुप्फुसात गेली की सिलिकोसिस होतो. छिद्र साफ करताना तोंडाने फुंकर मारण्याची सवयही सोडा. ब्रश आणि हातपंप वापरा.

नवे_घर: सर्वांचे आभार. तुमची उत्तरे वाचून छिद्रांची यादी पुन्हा तपासली, तेव्हा काँक्रीटमधली जेमतेम आठ निघाली. बाकी सगळी एएसी आणि टाइलमधली, म्हणजे ठोका बंद ठेवूनच पाडायची. म्हणून यंत्र विकत न घेता, क्लच आणि बाजूची मूठ असलेला रोटरी हॅमर एका दिवसासाठी भाड्याने आणेन. एएसीसाठी जुने ड्रिल ठोका बंद करून वापरेन आणि टाइलसाठी शेजाऱ्यांचे बॅटरीवरचे मागेन. नवे कारबाइड बिट व डायमंड बिट तेवढे विकत घेतो.

भिंतभेदी: भाड्याचे यंत्र! मग इतका वेळ आम्ही कशासाठी लिहीत होतो?

सळईबाज: बिट बसवण्यापूर्वी शँकला थोडे ग्रीस लावा. भाड्याच्या यंत्राला ते कोणी लावलेले नसते.