प्रथिनांबरोबर लोहाकडेही पाहावे

वाढत्या वयातील खेळाडूंना प्रथिनांची पावडर द्यावीच लागते, असे या चर्चेत माझ्याआधी दोघांनी लिहिले आहे. डाळ, अंडी, दूध, मासे पुरेसे पोटात जात असतील तर तिची गरज सहसा पडत नाही, असे मला वाटते. मात्र लोहाचा उल्लेख अजून कोणीच केलेला नाही, आणि मुलींच्या बाबतीत तो फार महत्त्वाचा आहे. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२० च्या शिफारशींनुसार १६ ते १८ वर्षांच्या मुलीला रोज ३२ मिलिग्रॅम लोह आहारातून मिळायला हवे, तर त्याच वयाच्या मुलाला २६ मिलिग्रॅम.

माझी मुलगी दादरला खो-खो खेळते. गेल्या वर्षी दुसऱ्या डावात तिचे पाय जड पडू लागले, तेव्हा आम्हीही आधी प्रथिनांचाच विचार केला. तपासणीत हिमोग्लोबिन ठीक, पण लोहाचा साठा दाखवणारे फेरिटिन फारच कमी निघाले. सकाळच्या सरावाहून आल्यावर ती रोज चहात बुडवून पोळी खात असे, आणि चहामुळे धान्यांतले व भाज्यांतले लोह नीट शोषले जात नाही, हे डॉक्टरांनी सांगेपर्यंत आमच्या ध्यानीमनीही नव्हते. आता ती पोळीबरोबर मटकीची उसळ वर अर्धे लिंबू पिळून खाते आणि चहा दीड तासाने घेते. लोहाच्या गोळ्या मात्र तपासणी केल्याशिवाय कृपया कोणी सुरू करू नयेत, कारण जादा लोह अपायकारक असते.