ट्राममधून प्रवास केलेलं कोणी आहे का इथे? (किंवा घरच्यांकडून ऐकलेलं काहीही)

परवा आईला घेऊन टॅक्सीत बसले. आई ८१ वर्षांची. ड्रायव्हरला म्हणाली, "टीटीला घ्या." पोरगा विशीतला, म्हणाला, "आजी, कौनसा टीटी?" मी म्हटलं, अरे खोदादाद सर्कल. तेही त्याला कळेना, शेवटी नकाशावर बोट ठेवून दाखवलं. आई मात्र पेटली. टी.टी. म्हणजे ट्राम टर्मिनस, हे साठ वर्षं बोलतोय आपण आणि ट्राम गेली १९६४ सालीच! ३१ मार्चला रात्री बोरीबंदरहून दादरला शेवटची ट्राम आली, तेव्हा आई भावंडांबरोबर दादरला उभी होती. मामा बोरीबंदरलाच जाऊन तीच ट्राम पकडून लोंबकळत आला. शर्टाची एक बाही तिकडेच कुठेतरी राहिली. आजीने म्हणे ट्रामबद्दल चकार शब्द काढला नाही, बाहीबद्दल आठवडाभर ऐकवलं.

तुमच्याकडे काय काय आहे? लिहा.

गिरगावचा_नातू
शेवटच्या थांब्यावर ट्राम वळवत नसत. ड्रायव्हर हँडल काढून दुसऱ्या टोकाला जायचा आणि आम्ही पोरं बाकांच्या पाठी धडाधड उलट्या करायचो. कंडक्टर ओरडायचा, पण काम आमच्याकडूनच करून घ्यायचा. कुकर झाला, बाकीचं नंतर लिहितो.

सुमन७१
बाही 😂😂

पायपीट
आजोबा ट्रामवर ड्रायव्हर. घंटा पायाने वाजवायची असायची. नंतर बसवर गेले, निवृत्त झाले, तरी जेवताना कोणी मध्ये आलं की टाच आपोआप आपटायची. आजी म्हणायची, "सरका रे, ट्राम आली."

जुनं_ते_सोनं
थोडी भर. ही नंतरची विजेची ट्राम, ती ७ मे १९०७ पासून. त्याआधी घोड्यांची होती, ९ मे १८७४ ला सुरू झालेली. कुलाबा ते पायधुणी व्हाया क्रॉफर्ड मार्केट, आणि बोरीबंदर ते पायधुणी व्हाया काळबादेवी. कुलाबा-पायधुणी भाडं तीन आणे, तेव्हाच्या मानाने चांगलंच महाग, पुढे कमी केलं. कंपनीच्या तबेल्यात ९०० घोडे होते. दुमजली ट्राम आली १९२० मध्ये.

सुमन७१
९०० घोडे! लीद कोण उचलायचं हो?

जुनं_ते_सोनं
ताई, तुम्ही इतिहासाचा नेमका प्रश्न विचारलात.

कोथरूडकर
आमच्या पुण्यात ट्राम कधीच नव्हती. काही अडलं नाही.

पायपीट
अडलं कसं नाही, अजून सिग्नलला अडूनच उभे आहात की.

वैशाली_डोंबिवली
बाबांचा किस्सा. पावसात सायकलचं पुढचं चाक रुळाच्या खाचेत गेलं. चाक रुळाबरोबर सरळ, बाबा मात्र डावीकडे. मागून ट्राम ठणठण करत. ड्रायव्हरने थांबवली, उतरून चाक सोडवून दिलं आणि वर दम दिला, "रूळ आडवा ओलांडायचा, तिरका नाही." बाबा पुढे मला स्कूटी शिकवताना हेच वाक्य म्हणायचे. डोंबिवलीत! रूळ कुठले?

तूप_साखर
दादर टीटीवरून आठवलं, तिकडे गरम थालीपीठ कुठे चांगलं मिळतं? बहीण येतेय रविवारी.

सुमन७१
घरी कर गं. भाजणी मी देते.

तूप_साखर
खरंच देशील? मग निरोप करते.

हावड्याकडून
नोकरीनिमित्त आठ वर्षं कोलकात्यात होतो. तिथे ट्राममध्ये बसलो की डुलकी लागायची, इतकी संथ. २०२४ ला सरकारने जाहीर केलं की एस्प्लनेड-मैदान एवढाच टप्पा ठेवणार, बाकी बंद. वाईट वाटलं. खरं सांगायचं तर घाईत असताना मीही कधी ट्राम पकडली नाही.

गिरगावचा_नातू
आलो. वीजही गेली मध्येच. तर सांगायचं काय, ट्राम वेगात नसायची म्हणून चालत्या ट्राममधून उतरणं ही पोरांची शान. तोंड पुढे करून उतरायचं, मागे नाही. मी एकदा मागे उतरलो. पुढचे दोन दात तेव्हापासून नकली आहेत.

जुनं_ते_सोनं
२०१७ साली हुतात्मा चौकात रस्त्याच्या कामात जुने रूळ सापडले होते, आठवतंय का? डांबराखाली गप्प पडून होते.

(धागाकर्ती)
सगळं आईला मोठ्याने वाचून दाखवलं. चालत्या ट्राममधून ती पण उतरायची म्हणे, नऊवारी नेसलेल्या आजीदेखत. दातांचं ऐकून म्हणाली, "मूर्ख आहे." आणि वैशाली, ती विचारतेय, तुझ्या बाबांची सायकल वाचली का?

वैशाली_डोंबिवली
वाचली. मागच्या दिवाळीपर्यंत माळ्यावर होती. भंगारवाल्याला मीच दिली, आता काकूंना सांगू नका.