विषय: चित्रपटसंध्या – दिग्दर्शक फासबिंडरचा ‘कात्सेलमाखर’ (१९६९)

नमस्कार ताई,

सिनेमा ८८ मिनिटांचा, कृष्णधवल, जर्मन. गोष्ट म्युनिकच्या एका उपनगरातली. त्यात दोघं-दोघं नुसती चालत येतात ती दृश्यं वारंवार आहेत. लोक कंटाळतील, थोडी गाळूया का?

---

दादा, कृपया एकही गाळू नका. अख्ख्या सिनेमात कॅमेरा हलतो तो तेवढ्यातच. दोघं हातात हात घालून समोरून येतात, कॅमेरा त्यांच्यापुढे मागे सरकत राहतो, वर संगीतकार शुबर्टचा पियानो. आणि बोलणं म्हणजे जो तिथे नाही त्याची उणीदुणी. एरवी कॅमेरा खिळलेला आणि रिकामटेकडी मंडळी कठड्याला टेकलेली. योर्गोस हा ग्रीक कामगार (भूमिका स्वतः फासबिंडरची) येण्याआधीच द्वेषाची सवय कशी लागलेली असते, हे त्याशिवाय कळणार नाही.

प्रास्ताविक दोन मिनिटांत आटपा: पश्चिम जर्मनीचे कामगारभरतीचे करार इटलीशी १९५५, ग्रीसशी १९६० आणि तुर्कस्तानशी १९६१ साली झाले. सिनेमा फासबिंडरच्याच १९६८च्या नाटकावरून, नऊ दिवसांत चित्रित केलेला. कथानक आधी फोडू नका.

---

दोघांनाही नमस्कार. प्रक्षेपणाबद्दल: चौकट जुन्या टीव्हीसारखी, जवळपास चौकोनी आहे. प्रोजेक्टर ‘४:३’वर ठेवा. ‘वाइड’ केलंत तर चेहरे पसरट होतील, ‘झूम’ केलंत तर कठड्यावरच्या रांगेची डोकी छाटली जातील. डाव्या-उजव्या काळ्या पट्ट्या राहू द्या.

खरी अडचण सबटायटलची. भिंती पांढऱ्याफटक, अक्षरंही पांढरी. डिस्कवरची सबटायटलं चित्ररूपात असतात, त्यांचा रंग सहसा बदलता येत नाही. वेगळी मजकूर-फाइल असेल तर व्हीएलसी या व्हिडिओ-प्लेअरमध्ये अक्षरांमागे काळी पार्श्वभूमी लावा आणि आधी दहा मिनिटं चालवून वेळ जुळते का पाहा. सगळे दिवे बंद हवेत.

---

उत्तम. चर्चेसाठी माझं मत: योर्गोसला होणाऱ्या मारहाणीपासून सुरुवात करू नका, सगळे हळहळून मोकळे होतील. घरमालकीण एलिझाबेथ योर्गोसकडून किती भाडं घेते, तिला त्यात किती सुटतात, हा हिशेब कळल्यावर टोळकं कसं निवळतं ते आधी घ्या. आणि कामावर तुर्की माणूस येणार म्हटल्यावर खुद्द योर्गोस काय म्हणतो, तेही. त्या दोन प्रसंगांना अर्धा तास द्या.