सोन्याचा सोल (पाण्यात तरंगणारे सोन्याचे सूक्ष्म कण) दहा मिनिटांत निळा पडतो, कुठे चुकतंय?

ऐरोलीची_केमिस्ट:
रबाळ्याला एका छोट्या युनिटच्या आर अँड डीत आहे. बेंझिल अल्कोहोलपासून बेंझाल्डिहाइड करायला आजवर क्रोमियम वापरायचे. नारिंगी द्रावण हिरवं होतं आणि मग तो चिकट हिरवा गाळ उरतो. स्पॅच्युलाला लागला की धुता धुता नाकी नऊ येतात. सहा संयुजेचं क्रोमियम कॅन्सरकारक आहे, रोज ते हाताळणाऱ्या मुलांकडे बघवत नाही. ऑक्सिजन वापरून, फक्त पाणी उरेल असं काही करायचंय. म्हणून उत्प्रेरकासाठी टिटानियावर (टायटॅनियम डायऑक्साइडच्या भुकटीवर) सोन्याचे नॅनोकण बसवतेय. क्लोरोऑरिक अ‍ॅसिडमध्ये (सोन्याच्या संयुगात) सकाळी केलेलं बोरोहायड्राइडचं द्रावण घालते, त्याने सोनं धातूरूपात येतं; रंग आला की पीव्हीए (पॉलिव्हिनाइल अल्कोहोल). आधी सुंदर वाइनसारखा लाल, दहा मिनिटांत जांभळा, मग निळा. रिअ‍ॅक्शन शून्य.

कोपरखैरणेकर:
ताई, क्रम उलटा झालाय. पीव्हीए आधी घाला, म्हणजे कण जन्मतानाच त्याचं आवरण मिळेल. लाल म्हणजे कण सुटे, निळा म्हणजे एकमेकांना चिकटले. बोरोहायड्राइड पाण्यात विघटित होत राहतं, ते घालायच्या वेळीच थंड पाण्यात करा. आणि काचसामान अ‍ॅक्वा रेजियाने (सोनंही विरघळवणाऱ्या आम्लांच्या मिश्रणाने) धुऊन घ्या.

निवृत्त_प्रोसेसवाला, ठाणे:
रंग टिकला तरी नुसतं सोनं अल्कलीशिवाय अल्कोहोलवर फारसं चालत नाही. पॅलेडियम जोडा. 2006 मध्ये कार्डिफच्या हचिंग्स यांच्या गटाने टिटानियावरच्या सोनं-पॅलेडियमने, सॉल्व्हंटशिवाय, ऑक्सिजनने हेच अल्कोहोल ऑक्सिडाइझ करून दाखवलं. जीसीत (गॅस क्रोमॅटोग्राफीत) टोल्युइनचा पीक जरूर बघा. पॅलेडियम असलं की अल्कोहोलचे दोन रेणू आपसात देवाणघेवाण करतात, एकाचं अल्डिहाइड होतं, दुसऱ्याचं टोल्युइन. तेवढं अल्कोहोल वाया. रिअ‍ॅक्शन अर्ध्यावर असताना उत्प्रेरक गरम असतानाच गाळून काढा आणि नुसता फिल्ट्रेट (गाळलेलं द्रावण) पुढे चालवा. त्यातही रिअ‍ॅक्शन पुढे सरकली, तर धातू विरघळून बाहेर पडतोय.

एक कळकळीची विनंती. बेंझिल अल्कोहोलचा फ्लॅश पॉइंट (ज्या तापमानाला त्याची वाफ ठिणगीने पेटू शकते) शंभर अंश सेल्सिअसच्या आसपास आहे. त्याच तापमानाला दाबाखाली शुद्ध ऑक्सिजन एकटीने लावू नका, आधी सेफ्टीवाल्यांना बसवून चर्चा करा.

ऐरोलीची_केमिस्ट:
काका, ऑक्सिजनचं आजच सेफ्टीच्या साहेबांशी बोलले, ते मंगळवारी येतील. पीव्हीए आधी घालून काल संध्याकाळी बीकर झाकून ठेवला होता. आज सकाळी नऊला खिडकीपाशी धरून पाहिला, अजून लालच आहे. आता पॅलेडियम क्लोराइड मागवते.