सहजीवी तारे: यात 'थंड' कोण आणि 'सहजीवी' कोण?

— एका लेखात 'सहजीवी ताऱ्यांमधल्या थंड राक्षसी ताऱ्याचा वर्ग अवरक्त वर्णपटावरून ठरवला' असं वाक्य आहे. थंड म्हणजे किती? आणि सहजीवी का, कोण कोणाच्या उपयोगी पडतंय इथे?

— सहजीवी तारा म्हणजे एकमेकांभोवती फिरणारी जोडी, एक थंड राक्षसी (फुगलेला, प्रचंड आकाराचा) तारा आणि एक छोटा गरम जोडीदार. थंड हे ताऱ्यांच्या हिशोबाने. साधारण ३५०० केल्विन, म्हणजे लोखंडाचीसुद्धा वाफ होईल, पण सूर्य ५८०० च्या आसपास असतो म्हणून हा थंड. तापमानानुसार ठरणारा वर्ग बहुतेक वेळा एम (सर्वात थंड वर्गांपैकी), क्वचित के (त्याहून जरा गरम). बाकी 'राक्षसी' वाचून उगाच स्त्रीलिंग वाटतं, मला 'महाकाय' बरा वाटतो.

— महाकाय म्हटलं की पुढे सुपरजायंटला काय म्हणणार? राक्षसी आणि महाराक्षसी अशी जोडी चालते, राहू दे.

अवरक्त का ते सांगतो. जोडीदार बहुतेक श्वेत बटू (मेलेल्या ताऱ्याचा उरलेला छोटा, घट्ट गाभा) असतो, लाखभर केल्विनचा, राक्षसी ताऱ्याने सोडलेला वायू तो ओढून घेतो आणि उरलेल्या वायूला आपल्या अतिनील किरणांनी चमकवतो, त्यामुळे दृश्य प्रकाशात नुसती भेसळ होते, थंड ताऱ्याची खूण असलेले वर्णपटातले टायटॅनियम ऑक्साइडचे काळे पट्टे फिके दिसतात आणि तारा आहे त्यापेक्षा गरम वाटतो. अवरक्तात मात्र राक्षसाचाच उजेड जास्त. तिथे २.३ मायक्रॉनजवळ कार्बन मोनॉक्साइडचे पट्टे बघतात. तारा जितका थंड तितके ते ठळक, आणि तेवढ्याच तापमानाच्या साध्या बटू (सूर्यासारख्या न फुगलेल्या, श्वेत बटू नव्हे) ताऱ्यापेक्षा राक्षसी ताऱ्यात जास्त ठळक. म्हणजे तापमान आणि आकार दोन्हीचा अंदाज येतो.

— पण हे धूळ नसेल तर! काही जोड्यांमधला राक्षसी तारा मीरा प्रकारचा (ठरावीक काळाने फुगणारा-आकसणारा), भोवती गरम धूळ, आणि ती धूळच अवरक्तात इतकी उजळते की पट्टे भरून निघतात. म्हणून १९७५ पासून एस आणि डी असे दोन गट करतात, एस म्हणजे स्टेलर, ज्यात ताऱ्याचाच उजेड दिसतो ते, आणि डी म्हणजे डस्टवाले.

— सहजीवी हा शब्द खगोलशास्त्रज्ञ मेरिल यांनी १९४१ मध्ये वापरला, आणि तो मुळात वर्णपटासाठी, थंड ताऱ्याचे पट्टे आणि अतिउष्ण वायूच्या रेषा एकाच वर्णपटात नांदतात म्हणून. एकमेकांचा फायदा वगैरे त्यात नाही.

— मग परजीवी म्हणा की, श्वेत बटू खातोच आहे!

— खातो, पण पचत नाही :) उत्तर मुकुट तारकासमूहातला टी तारा बघ, एम वर्गाचा राक्षसी तारा, २२७ दिवसांची कक्षा, आणि श्वेत बटूवर साठलेल्या हायड्रोजनचा स्फोट १८६६ आणि १९४६ मध्ये झालेला.