गांजा सोडून १२ दिवस झाले, घाम, धडधड, झोप नाही. हे नक्की कधी थांबतं?

भोसरी_क्यूसी

नमस्कार मंडळी, पहिल्यांदाच लिहितोय, जरा लांबेल, सांभाळून घ्या. वय ३४. कॉलेजच्या सेकंड इयरपासून म्हणजे साधारण १४ वर्षं रोज गांजा. आधी फक्त रात्री एक जॉइंट असायचा, लॉकडाऊनपासून सकाळचापण सुरू झाला आणि मग दिवसाला चार-पाच कधी झाले कळलंच नाही. बाकी मला काही व्यसन नाही, सिगारेट नाही, दारू नाही.

सोडायचं कारण, तर मागच्या महिन्यात आईला पंढरपूरला नेलं होतं, आणलेला माल पहिल्याच दिवशी संपला. आई दर्शनाच्या रांगेत आणि मी वाळवंटात कुणाकडे पुडी मिळते का बघत फिरतोय. परत आलो तेव्हा ती पायरीवर बसून माझी वाट बघत होती, तासभर. घरी आल्यावर उरलंसुरलं सगळं फ्लश केलं.

आता हाल असे की रात्री तीनला टीशर्ट पिळून निघेल इतका घाम, मग थंडी वाजते. पोळीचा घास तोंडातल्या तोंडात फिरतो, तीन किलो वजन गेलं. छातीत धडधड, पोटात सतत खड्डा पडल्यासारखं, आणि उगाचच वाटत राहतं की काहीतरी वाईट होणार. मी क्वालिटीत आहे, काल मायक्रोमीटर (बारीक मापं घ्यायचं साधन) धरताना हात इतका थरथरला की एकाच पार्टची तीन रीडिंग तीन वेगवेगळी आली, शेवटी पोराला म्हटलं तू घे. आईला वाटतंय ताप आहे, तिने डेंग्यूची टेस्ट करायला लावली, निगेटिव्ह. बायकोला सगळं माहितीये, आईला नाही.

सगळे म्हणायचे गांजाची सवय लागत नाही. मग हे काय आहे? हार्टचं काही असेल का?

धूर_बंद_ठाणे

भाऊ, तुझं वाचून माझेच दिवस आठवले. मी ९ वर्षं ओढून सोडलं, आता अडीच वर्षं झाली. घाम, भूक मरणं, चिडचिड, सगळं सेम टू सेम. माझे ३ ते ७ हे दिवस सगळ्यात बेकार होते, दोन आठवड्यांनी जेवण नीट जायला लागलं. झोपेला मात्र महिना-सव्वा महिना लागला आणि स्वप्नं तर विचारू नकोस, दहावीचा बीजगणिताचा पेपर, मेलेले आजोबा, सगळे एकाच रिक्षात. ओढत असताना स्वप्नं दाबली जातात, ती नंतर व्याजासकट येतात. घाबरू नकोस.

एक विचारतो, खरं सांग. जॉइंटमध्ये तंबाखू मिक्स करायचास का?

भोसरी_क्यूसी

हो, सगळेच करतात ना. एका जॉइंटला अर्धी सिगारेट मोकळी करायचो.

धूर_बंद_ठाणे

मग "सिगारेट नाही" कसं म्हणतोस रे! पाच जॉइंट म्हणजे दिवसाला दोन-अडीच सिगारेटी, त्यापण खोल ओढून आत धरून ठेवलेल्या. तू एकाच दिवशी दोन व्यसनं सोडलीस आणि हिशोब एकाचाच लावतोयस. माझंपण हेच झालं होतं, मला वाटायचं गांजाची तलफ येतेय, पण जेवणानंतर हात खिशाकडे जायचा तो तंबाखूसाठी.

बम_भोले_७७

काय राव, झाड आहे ते, नैसर्गिक. महादेवाचा प्रसाद. ह्याचं व्यसन बिसन काही नसतं, मनाचे खेळ आहेत. एकदम बंद करायची गरजच नव्हती, रात्रीचा एक ठेवायचा.

औषधवाली

बम भोले, तंबाखूपण झाडच आहे. आणि ज्याला पाच लागतात त्याला "रात्रीचा एक" किती दिवस पुरतो ते त्यालाच विचारा.

मी फार्मासिस्ट आहे, डॉक्टर नाही, त्या हिशोबाने वाचा. गांजा सोडल्यावर त्रास होतो हे आता वादाचं राहिलेलं नाही, अमेरिकेतल्या मानसोपचारतज्ज्ञांच्या डीएसएम-५ ह्या निदानाच्या पुस्तकात २०१३ पासून तो रीतसर निदान म्हणून आहे. चिडचिड, अस्वस्थता, झोप जाणं, विचित्र स्वप्नं, भूक कमी होणं, घाम, थंडी, थरथर, पोटदुखी, तुमची जवळपास सगळी यादी त्यात आहे. आपला मेंदू स्वतःच गांजासारखं एक रसायन बनवतो, १९९२ मध्ये ते सापडलं तेव्हा त्याला संस्कृत आनंदवरून अ‍ॅनंडमाइड नाव दिलं. रोज बाहेरून भरपूर माल आला की मेंदू त्याला पकडणारे रिसेप्टर कमी करतो, म्हणून डोस वाढत जातो. बंद केल्यावर ते परत वाढायला साधारण चार आठवडे लागतात, तोवर ही ओढाताण.

आता जे कोणी सांगत नाही ते. चहा किती पिता? धुरामुळे लिव्हरमधलं कॅफिन तोडणारं एन्झाइम जोरात चालत असतं. धूर बंद झाला की काही दिवसांत ते मंदावतं, आणि तोच कप अंगात कितीतरी जास्त वेळ राहतो. मग धडधड, थरथर, रात्री टक्क जाग. निम्मा करून बघा, दुपारनंतर तर नकोच.

एक ईसीजी काढून घ्या, वय ३४ असलं तरी. डॉक्टरांना गांजा आणि तंबाखू दोन्ही सांगा, लपवू नका. छातीत दाबल्यासारखं होऊन दुखणं हातात-जबड्यात गेलं, चक्कर आली, सारखी उलटी झाली, भास व्हायला लागले किंवा जिवाचं बरंवाईट करावंसं वाटलं तर थांबू नका, सरळ हॉस्पिटल. आणि हो, आमच्या दुकानात रोज एक तरी जण येतो "झोपेची अर्धी गोळी द्या" म्हणून. अल्प्राझोलामसारखी गोळी मनाने घेऊ नका, तिचीच सवय लागते आणि ती सोडणं ह्याच्यापेक्षा अवघड. दारूचंपण तेच.

बोलायला कोणी हवं असेल तर टेलिमानस ही मानसिक आरोग्याची सरकारी हेल्पलाइन १४४१६, मराठीतपण बोलतात, आणि व्यसनमुक्तीची सरकारी हेल्पलाइन १४४४६. तुम्ही भोसरीत, येरवड्याला मुक्तांगण आहे, १९८६ पासून हेच काम करतायत.

सातारची_सून

माझ्या मिस्टरांनी सोडला तेव्हा तीन आठवडे घरात आमटीला मीठ कमी-जास्त ह्यावरून भांडणं. आम्ही शेवटी ठरवलं की रात्री नऊनंतर कुठल्याच विषयावर बोलायचं नाही, नुसतं चालायला जायचं. तुमच्या बायकोलापण विचारा हो ती कशी आहे, तिचेपण हे १२ दिवसच आहेत. आणि आईंना सांगून टाका. डेंग्यूच्या काळजीने त्या तुमच्यापेक्षा जास्त जाग्या असतील.

भोसरी_क्यूसी

मंडळी, आज १९वा दिवस. ईसीजी नॉर्मल. डॉक्टरांनी सगळं ऐकून घेतलं, ओरडले नाहीत, तंबाखूच्या तलफेसाठी निकोटीनच्या गोळ्या लिहून दिल्या, आणि दोन आठवड्यांनी परत बोलावलंय. चहा मोजला तर कंपनीतला धरून सात कप होत होता! आता दोन. धडधड खरंच उतरली, औषधवाली ताई, मानलं तुम्हाला. घाम अजून येतो पण टीशर्ट बदलावा लागत नाही. झोप चार-पाच तास, स्वप्नात काल कंपनीचा ऑडिटर आमच्या मोरीत बसून गेज मोजत होता. हात बराच स्थिर आहे, रीडिंग परत मीच घेतोय.

तलफ संध्याकाळी साडेसहाला येते, बरोबर गाडी स्टँडवर लावल्यावर. गाडी दुसरीकडे लावायला लागलोय.

आईला रविवारी सांगितलं. तिला पंढरपूरलाच कळलं होतं म्हणे, वास येत होता. त्यावर बोलली काहीच नाही, उठून पपईच्या पानांचा रस घेऊन आली. अहो रिपोर्ट निगेटिव्ह येऊन आठवडा झाला, तरी सकाळ-संध्याकाळ चालूच आहे, भयंकर कडू. तो कसा सोडवायचा ते कोणाला माहीत असेल तर सांगा.